इंटरकूलर पाइपचा धंदा: माल कुठून आणायचा, जोड पक्का कसा करायचा आणि पैसा नेमका कुठे आहे



बीडमध्ये धंदा शोधणाऱ्या तरुणाला विचारलं की तो साधारण चार नावं घेतो: हॉटेल, मोबाइल शॉपी, किराणा, कपड्यांचं दुकान. या चारही धंद्यांची प्रत्येक चौकात आधीच रांग लागलेली आहे. आज आपण अशा कामाबद्दल बोलू, जे बॉनेटखाली लपलेलं असतं म्हणून कुणाच्या नजरेत येत नाही. टर्बो गाडीच्या इंटरकूलरचा पाइप, त्याचा होज आणि त्याचा जोड.

हा पाइप निसटला की गाडीमालक स्पेअर पार्टच्या दुकानात जातो, तिथून वेल्डिंगवाल्याकडे, तिथून लेथवाल्याकडे आणि शेवटी परत गॅरेजला. चार जणांना पैसे देतो, दिवस घालवतो, आणि पंधरा दिवसांनी तोच जोड पुन्हा सुटतो. हे चार हेलपाटे एका छपराखाली आणणं, एवढाच आजचा विषय आहे. ऐकायला छोटा वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा. यात मोजमाप आहे, हिशोब आहे आणि सावधगिरीही आहे.

हा पाइप करतो काय?

टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर तो फिरतो. ही कल्पना आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरने १९०५ साली पेटंट केली. म्हणजे गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे.

हवा दाबली की ती तापते. सायकलचा पंप जोरात मारल्यावर गरम होतो ना, तसंच. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४० अंश तापमान असेल आणि टर्बो १.२ बार दाब देत असेल, तर टर्बोतून बाहेर पडणारी हवा १५० अंशांच्या आसपास जाते. गरम हवा विरळ असते, म्हणून तिला थंड करायला पुढे इंटरकूलर बसवतात. तोच दाब ठेवून ही हवा १५० वरून ६० अंशांवर आणली, तर तेवढ्याच जागेत साधारण सव्वापट हवा मावते. जास्त हवा म्हणजे डिझेल नीट जळणार, गाडी ओढणार, धूर कमी होणार.

आता टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि इंटरकूलरपासून इंजिनपर्यंत ही हवा नेतो तो आपला पाइप. टर्बोकडून येणाऱ्याला गरम बाजूचा पाइप म्हणू आणि इंजिनकडे जाणाऱ्याला थंड बाजूचा. धातूचा पाइप, त्याच्या टोकाला होज आणि होजवर क्लॅम्प, एवढीच रचना. यातला एक जोड जरी सैल झाला, तरी दाबलेली हवा बाहेर पळते. मग गाडी चढाला ओढत नाही, काळा धूर मारते, अ‍ॅक्सिलेटर दिला की "फुस्स" किंवा शिट्टीसारखा आवाज येतो, अ‍ॅव्हरेज घसरतो. बीएस-६ गाडीत तर सेन्सरला दाब कमी दिसला की लाइट लागते आणि गाडी स्वतःची ताकद कमी करून घेते. अशा वेळी टर्बोलाही गरजेपेक्षा जास्त फिरावं लागतं. म्हणजे काही शे रुपयांच्या जोडाकडे दुर्लक्ष केलं, तर खर्च टर्बोपर्यंत जाऊ शकतो.

बीडमध्येच का?

आपल्या जिल्ह्यातून राष्ट्रीय महामार्ग ५२ जातो. छत्रपती संभाजीनगर, गेवराई, बीड, मांजरसुंबा आणि पुढे धाराशिव, सोलापूर. माल भरलेली गाडी बीड सोडून मांजरसुंब्याचा घाट चढायला लागली की टर्बोवर पूर्ण लोड येतो, आणि कच्चा जोड नेमका तिथेच सुटतो. धारूरच्या घाटात वेगळं काही होत नाही. एमएच-२३ असो की अंबाजोगाईची एमएच-४४, आपल्याकडच्या पिकअप, बोलेरो, स्कॉर्पिओ, टेम्पो, ट्रक आणि टिपर यांतल्या बहुतेक डिझेल गाड्या आज टर्बोच्या आहेत.

दुसरं कारण ऊस. दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातल्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पुणे आणि कर्नाटकपर्यंत तोडणीला जातात. गाडी त्यांच्याबरोबर पाच-सहा महिने बाहेर असते. गाडीमालकाने उचल घेतलेली असते, त्यातून टोळीला पैसे दिलेले असतात. सांगलीकडच्या एखाद्या फडावर जानेवारीत गाडी उभी राहिली, तर फक्त गाडीची खेप बुडत नाही. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटतं आणि अख्खी टोळी बसून राहते. या माणसाला स्वस्त होज नको आहे. त्याला सीझन संपेपर्यंत न सुटणारा जोड हवा आहे. तुम्ही नेमकं काय विकणार आहात, याचं उत्तर इथे आहे.

एक सूचना. ट्रॅक्टरला टर्बो असला म्हणजे इंटरकूलर असेलच असं नाही. आधी बॉनेट उघडून बघा, मग ग्राहकाशी बोला.

माल कुठून आणायचा?

तीन प्रकारचा माल लागतो: धातूचा पाइप, होज आणि क्लॅम्प. सुरुवात पाइपपासून करू, कारण नवा माणूस सगळ्यात आधी इथे फसतो.

पहिला सापळा आहे "दोन इंची" हा शब्द. हार्डवेअरच्या दुकानात जाऊन "दोन इंची पाइप द्या" म्हणालात, तर तो पाणी-प्लंबिंगचा पाइप देईल. त्याचा बाहेरचा व्यास ६०.३ मिलिमीटर असतो, कारण प्लंबिंगमध्ये "दोन इंची" हे आतल्या भोकाचं नाममात्र माप आहे. गाडीचा दोन इंची होज मात्र ५०.८ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाच्या ट्यूबवर बसतो. म्हणून पाइप घेताना इंच बोलायचं नाही. बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगायचा आणि व्हर्नियरने मोजूनच पैसे द्यायचे. मोटारगाड्यांच्या स्टील ट्यूबसाठी आयएस ३०७४ हे भारतीय मानक आहे, प्लंबिंगच्या पाइपसाठी आयएस १२३९. हे दोन आकडे पाठ करून ठेवा. घाऊक दुकानदाराला हे आकडे सांगितले की समोरचा माणूस नवखा नाही, हे त्याला लगेच कळतं.

दुसरा सापळा आहे धातूचा. चार पर्याय समोर येतील.

१. माइल्ड स्टील, म्हणजे एमएस. स्वस्त, वेल्डिंगला सोपं, कुठेही मिळतं. पण आतून गंजतं आणि गंजाचा पापुद्रा सरळ इंजिनात जातो. वापरायचंच असेल तर सगळं वेल्डिंग झाल्यावर आतून-बाहेरून प्लेटिंग करून घ्या.

२. स्टेनलेस ३०४. टिकाऊ, गंजत नाही, पण महाग. बाजारात २०२ ग्रेड ३०४ म्हणून खपवला जातो. चुंबकावर विसंबू नका, दोन्ही ग्रेड त्याला जवळपास सारखेच वाटतात. ग्रेड ओळखायचं थेंबाचं केमिकल मिळतं, ते एकदा घेऊन ठेवा.

३. अ‍ॅल्युमिनियम. हलकं आणि गंजाची चिंता नाही. ५१ मिमीची दीड मिमी जाडीची स्टील ट्यूब मीटरला सुमारे १.८ किलो भरते. तेवढ्याच व्यासाची दोन मिमी जाडीची अ‍ॅल्युमिनियम ट्यूब साधारण ८३० ग्रॅम भरते. पाइप हलका असला की ब्रॅकेटवर आणि जोडावर झटके कमी बसतात. पण याला आर्गन वेल्डिंग लागतं आणि त्यासाठी हात बसलेला कारागीर लागतो.

४. जीआय आणि पीव्हीसी. हे दोन्ही नको म्हणजे नकोच. जीआयवरचं जस्त वेल्डिंगमध्ये जळतं, त्याच्या धुराने वेल्डरला थंडी-ताप भरतो. पीव्हीसी तर ८० अंशांच्या आसपासच मऊ पडतं, आणि आपल्या पाइपमधून १५० अंशांची हवा जाते.

तिसरा सापळा बेंडचा. गाडीचा पाइप सरळ नसतो. साध्या हायड्रॉलिक बेंडरवर पाइप वाकवला की वळणावर चपटा होतो आणि हवा अडते. त्यासाठी मॅन्ड्रेल बेंडिंग लागतं, म्हणजे वाकवताना आतून आधार दिलेला असतो. हे मशिन सुरुवातीला विकत घ्यायचं नाही. ४५ आणि ९० अंशांचे तयार बेंड घाऊक आणा आणि गरजेप्रमाणे कापून जोडा.

आता ठिकाणं. बीडहून छत्रपती संभाजीनगर साधारण १३० किलोमीटर आहे. तिथल्या वाळूज आणि चिकलठाणा एमआयडीसीत गाड्यांच्या कंपन्यांना पुरवठा करणारे लहान-मोठे कारखाने आहेत. पाइप बेंडिंग आणि प्लेटिंगचं जॉब वर्क करणारे तिथे शोधा. पुण्याकडे भोसरी आणि चाकण हा दुसरा पट्टा. सुटे भाग, होज, क्लॅम्प यांच्यासाठी पुण्यातली नाना पेठ. धातूची घाऊक खरेदी वाढली की मुंबईची गुलालवाडी. पहिली खरेदी फोनवर करू नका. गाडीभाडं खर्च करा, हातात माल घेऊन बघा, तीन दुकानांचे भाव वहीत लिहा आणि पक्कं बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के झाला आहे. कुणी जुन्या २८ टक्क्यांचा हिशोब सांगत असेल, तर बिल उघडून बघा.

होज आणि क्लॅम्प: इथे काटकसर नको

रेडिएटरचा रबरी होज दिसायला सारखाच असतो आणि स्वस्त मिळतो, म्हणून बरेच जण तोच चढवतात. पण तो पाण्यासाठी बनवलेला असतो. टर्बोच्या हवेत ऑइलची वाफ असते, आणि रेडिएटर होजचं रबर ऑइलने फुगून मऊ पडतं. इथे कापडाचे थर असलेला सिलिकॉन होज लागतो. निदान चार थरांचा घ्या. गरम बाजूला ऑइल जास्त येत असेल, तर आतून फ्लुरोसिलिकॉनचा थर असलेला मागा. साधा सिलिकॉन उष्णता सोसतो, पण ऑइल हळूहळू त्यातून पाझरतं.

क्लॅम्पचे तीन प्रकार लक्षात ठेवा. एक, स्क्रूने आवळायची साधी होज क्लिप. ही क्लिप १९२१ साली इंग्लंडमध्ये लमली रॉबिन्सन नावाच्या निवृत्त नौदल अधिकाऱ्याने पेटंट केली आणि त्यावर "ज्युबिली क्लिप" हा पिढ्यान् पिढ्या चाललेला उद्योग उभा केला. एका पट्टीवर आणि एका स्क्रूवर! छोट्या वस्तूला कमी लेखणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पण या क्लिपच्या पट्टीला खाचा असतात, त्या सिलिकॉनमध्ये रुततात आणि होज कापतात. वापरायचीच तर आतून गुळगुळीत पट्टी असलेली वापरा. दोन, टी-बोल्ट क्लॅम्प. रुंद पट्टी, नट-बोल्टने आवळायची, सगळीकडून सारखा दाब. टर्बोच्या जोडाला हाच योग्य. तीन, स्प्रिंग असलेला टी-बोल्ट. गाडी तापली की होज फुगतो, थंड झाली की आकसतो, आणि ही स्प्रिंग त्या फरकाबरोबर दाब टिकवून धरते. उसाच्या गाडीला आणि टिपरला हाच सुचवा.

जोड सुटतो का? पंचवीस किलोचं गणित

५०.८ मिमी पाइपच्या तोंडाचं क्षेत्रफळ साधारण २० चौरस सेंटिमीटर. दाब १.२ बार धरला, तर पाइपला होजमधून बाहेर ढकलणारा जोर होतो सुमारे २५ किलो. म्हणजे सिमेंटची अर्धी गोणी पाइपच्या तोंडावर सतत रेटा देतेय. पाइप ६३.५ मिमीचा असेल तर हाच जोर ३८ किलोच्या पुढे जातो. त्यात ऑइलचा बुळबुळीतपणा, इंजिनाची थरथर आणि रस्त्यावरचे खड्डे. गुळगुळीत पाइपवर क्लॅम्प कितीही आवळा, तो एक दिवस निसटणारच.

म्हणून पाइपच्या टोकाला उंचवट्याची एक कडी हवी. तिला बीड म्हणतात. बीड जिल्ह्यात राहून पाइपला बीड नाही, असं आपल्याकडून व्हायला नको! ही कडी रोलरच्या छोट्या हातमशिनने पाडता येते. मशिन नसेल तर टोकाजवळ वेल्डिंगची गोल रेघ मारून ती घासून गुळगुळीत करतात. कडीच्या मागे क्लॅम्प बसला की पाइप सुटायला जागाच राहत नाही.

आता पूर्ण पद्धत क्रमाने:

१. जुना जोड सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. कुठला पाइप कशाला घासत होता, कुठे ऑइल साचलं होतं, ते दिसतं.

२. पाइप कापल्यावर आतली-बाहेरची धार घासा. वेल्डिंगचे थेंब, लोखंडाचा कीस, घासल्याची धूळ काहीही आत राहता कामा नये. इंटरकूलरच्या पुढच्या पाइपमधला कण सरळ इंजिनात जातो.

३. पाइपचं टोक आणि होजची आतली बाजू कपड्याने पुसून ऑइलमुक्त करा. ग्रीस लावून होज चढवायची सवय सोडा. चढताना सोपं जातं, पण निसटतानाही तितकंच सोपं जातं.

४. होज पाइपवर ३० ते ४० मिमी चढला पाहिजे. दोन पाइपच्या टोकांमध्ये होजच्या आत ५ ते १० मिमी फट ठेवा. टोकं एकमेकांवर आपटली तर आवाज येतो आणि चीर पडते. फट फार मोठी ठेवली तर तिथे होज फुग्यासारखा फुगतो.

५. क्लॅम्प कडीच्या मागे, होजच्या काठापासून साधारण ५ मिमी आत बसवा. कडीच्या वर कधीच नको. आवळायचा तो क्लॅम्पच्या कंपनीने दिलेल्या टॉर्कवर, हाताच्या अंदाजावर नाही.

६. ब्रॅकेटचा विचार करा. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, इंटरकूलर मात्र गाडीच्या सांगाड्याला धरलेला असतो. एकच पाइप दोन्हीकडे घट्ट बांधला, तर काही दिवसांत वेल्डिंगच्या जागी तडा जाणार. पाइपला आधार द्यायचा तो एकाच बाजूला, म्हणजे इंजिनाला किंवा सांगाड्याला, आणि तोही रबरी बुश घालून. दोघांमधली हालचाल होजने सोसायची. हालचाल जास्त असेल तर मध्ये फुगवटा असलेला हंप होज लावा.

७. पहिली लोडची खेप झाली की ग्राहकाला परत बोलवा आणि क्लॅम्प तपासा. सिलिकॉन पहिल्या उष्णतेत थोडा बसतो. या पाच मिनिटांच्या कामाचे पैसे घेऊ नका. याच फेरीत ग्राहक आपला होतो.

पंक्चरवाल्याचा टब

बनवलेला पाइप गाडीवर चढवण्याआधी तपासा. दोन्ही टोकं प्लगने बंद करा, एका प्लगमधून हवा भरा आणि पाइप पाण्याच्या टबात बुडवा. बुडबुडा दिसला की गळती सापडली. पंक्चरवाला हेच करतो. गाडीवर बसलेल्या पाइपला साबणाचं पाणी लावून बघता येतं.

इथे एक गोष्ट जिवावरची आहे. तुमच्या कॉम्प्रेसरच्या टाकीत ७-८ बार हवा असते आणि आपल्या पाइपला दीड बारच्या वर लागत नाही. मध्ये रेग्युलेटर आणि गेज लावल्याशिवाय हवा सोडू नका. प्लग पट्ट्याने बांधा आणि त्याच्या समोर कुणी उभं राहू नका. सुटलेला प्लग डोळा फोडू शकतो.

पैसा कुठे आहे? हिशोब करून बघू

खालचे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या बाजारातले भाव टाकून स्वतः मांडा.

समजा दुकानाचं भाडं, वीज वगैरे मिळून महिन्याला १०,००० रुपये आणि तुमचा स्वतःचा पगार २५,००० रुपये. एकूण ३५,०००. हो, स्वतःचा पगार धरायचाच. महिन्यात २५ दिवस आणि दिवसाला प्रत्यक्ष कामाचे ५ तास धरले तर १२५ तास होतात. म्हणजे तुमचा एक तास २८० रुपयांचा आहे.

एका जोडाचं काम घ्या. होजचा तुकडा ३००, दोन टी-बोल्ट क्लॅम्प २००, वेल्डिंग आणि कडी पाडायचा खर्च ६०, किरकोळ ४०. माल झाला ६०० रुपये. त्यात एक तास २८०. झाले ८८०. यावर वीस टक्के नफा आणि परत आलेल्या कामाची तरतूद धरली, तर दर येतो साधारण १,०५० रुपये.

आता तुलना करा. नुसता होज विकून तुम्हाला ६० रुपये सुटत असतील, तर ३५,००० भरून काढायला महिन्याला ५८० च्या वर होज विकावे लागतील. पूर्ण जोडाच्या कामात माल वजा जाता ४५० रुपये उरतात. तेवढेच ३५,००० भरायला ७८ कामं पुरतात, म्हणजे दिवसाला तीन. होज विकणारी दुकानं बरीच आहेत. जोडाची जबाबदारी घेणारा माणूस मिळत नाही, म्हणून त्या जबाबदारीचे पैसे मिळतात.

याच्यावर एक वस्तू अजून विकता येते: सीझन किट. ग्राहकाच्या गाडीच्या मापाचा एक होज, दोन क्लॅम्प, ते आवळायचा एक पाना, पुसायला कापड आणि कसं बसवायचं याची चित्रं असलेलं प्लास्टिक मढवलेलं कार्ड. एवढं एका पिशवीत. ड्रायव्हर फडावर अडकला तरी अर्ध्या तासात गाडी चालू करेल. ही पिशवी दसऱ्याच्या आधी विकली जाते, म्हणून माल जुलै-ऑगस्टमध्येच भरून ठेवा.

उधारीचं काय? उसाच्या गाडीवाल्याचे पैसे कारखान्याकडून टप्प्याटप्प्याने येतात आणि तो म्हणणार, "सीझन संपल्यावर देतो." सहा महिन्यांची उधारी म्हणजे तुमचं खेळतं भांडवल त्याच्या गाडीत बसवून देणं. नियम साधा ठेवा. मालाचे पैसे रोख, मजुरीला फार तर पंधरा दिवस. गॅरेजवाल्यांशी पंधरा दिवसांचं खातं ठेवा, पण मर्यादा ठरवून. गोड बोलून, पहिल्याच दिवशी सांगा.

माप वही: तुमची खरी मालमत्ता

प्रत्येक कामानंतर वहीत लिहा: गाडीचं मॉडेल आणि वर्ष, गरम बाजू की थंड बाजू, पाइपचा बाहेरचा व्यास, होजची लांबी, दोन्ही टोकांचं माप वेगळं आहे का, बेंडचा कोन, ब्रॅकेटची जागा. सोबत फोटो. शंभर नोंदी झाल्या की केजच्या गॅरेजवाल्याचा फोन आल्यावर तुम्ही गाडी न बघता सांगाल, "दादा, माल तयार आहे, संध्याकाळच्या एसटीने पाठवतो." दुकान कुणीही टाकेल. ही वही मात्र त्याला वर्ष-दोन वर्षं राबल्याशिवाय मिळणार नाही. आणि शेल्फवर कुठल्या मापाचा माल ठेवायचा, हेही हीच वही सांगते. नाहीतर न खपणाऱ्या मापांत भांडवल अडकून पडतं.

कायद्याची रेघ

काही तरुण पोरं येतील: "मामा, मोठा इंटरकूलर बसवा, टर्बोचा दाब वाढवा." तिथे थांबा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. परवानगी नसलेल्या बदलासाठी गाडीमालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विम्याचा दावाही अडचणीत येतो. आपलं काम मूळ मापाचा, मूळ मार्गाचा पाइप बदलून देण्याचं. पाइपवर सेन्सरची जागा असेल तर ती जशीच्या तशी ठेवायची, बुजवायची नाही. नाही म्हणायला शिका, धंदा जास्त दिवस टिकतो.

भांडवल आणि कागद

सुरुवातीला लागेल: कटर, ग्राइंडर, रेग्युलेटरसह कॉम्प्रेसर, कडी पाडायचं हातमशिन, व्हर्नियर, टॉर्क पाना आणि पाण्याचा टब. आर्गन वेल्डिंगचा सेट दुसऱ्या टप्प्यात घ्या. तोपर्यंत हात चांगला असलेल्या वेल्डरशी कामामागे दर ठरवा.

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर आधारवरून मोफत होते. पैसे मागणाऱ्या एजंटला हात जोडा. निव्वळ माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणीची मर्यादा ४० लाखांची आहे. आपण मालाबरोबर सेवाही देतो, त्यामुळे २० लाखांची मर्यादा धरून चाला. कर्जासाठी पीएमईजीपीची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करा. या योजनेत सर्वसाधारण प्रवर्गाला ग्रामीण भागात २५ टक्के आणि विशेष प्रवर्गाला ३५ टक्के अनुदान आहे. पण नीट ऐका: हे अनुदान हातात रोख मिळत नाही. ते तीन वर्षं बँकेत तुमच्या नावे ठेवीत राहतं आणि नंतर कर्जात वळतं होतं. तोवर हप्ता धंद्यातूनच भरायचा आहे. अनुदानासाठी धंदा करू नका, धंद्यासाठी अनुदान घ्या.

पहिल्या ३० दिवसांत काय कराल?

पहिला आठवडा: बीड, गेवराई, माजलगाव, केज इथल्या वीस गॅरेजवाल्यांना भेटा. एकच प्रश्न विचारा, "महिन्यात इंटरकूलर होजची किती कामं येतात आणि कुठल्या गाड्यांची?" उत्तरं लिहून आणा. दिवसाला तीन कामं निघतील असं वाटत नसेल, तर शटर भाड्याने घेऊ नका. हे काम चालू गॅरेजला किंवा वेल्डिंगच्या दुकानाला जोडून करा.

दुसरा आठवडा: छत्रपती संभाजीनगर आणि पुण्याची फेरी. तीन-तीन ठिकाणचे भाव आणि नमुने.

तिसरा आठवडा: वेल्डरबरोबर बसून दहा जोड बनवा, टबात तपासा, मुद्दाम ओढून बघा. जो निसटेल तो का निसटला, ते शोधा.

चौथा आठवडा: ओळखीच्या तीन गाड्यांवर काम करा, पूर्ण पैसे घेऊन. पहिल्या खेपेनंतर त्या परत बोलवा आणि माप वहीचं पहिलं पान भरा.

या महिनाभरात जे भांडवल जाईल ते गाडीभाड्याचं आणि दहा जोडांच्या मालाचं. एवढ्यात धंदा आहे की नाही हे कळत असेल, तर ते स्वस्तच म्हणायचं. कामाला लागा मित्रांनो. सीझनची गाडी दसऱ्याला निघते, तुमची तयारी त्याच्या आधी झालेली पाहिजे.